मुंबईच्या स्टोमा-सिस्टरांस अनावृत आभारपत्र

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार.

इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतडे पोटावर काढून केलेली मलाची वाट, बंद करण्याची तिसरी शस्त्रक्रिया आटोपून मी देवगडला घरी आले आहे आणि हळूहळू स्वयंपाकघरात उभी राहू लागले आहे. हे तुम्हाला कळवावे आणि तुमचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र.

अल्सरेटिव्ह कोलायटिसने, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या आजाराने, मला अनेक वर्षे छळले. मेसालामिन झाले, स्टिरॉइड झाली, इन्फ्लिक्सिमॅबची इंजेक्शने काही काळ लागू पडली आणि मग तीही निरुपयोगी ठरली. मोठे आतडे काढावे लागेल, हे मी कसेबसे मान्य केले होते. पण पोटावर पिशवी आणि वर तीन-तीन शस्त्रक्रिया, हे काही केल्या गळी उतरत नव्हते. काय कापायचे ते एकदाच कापा, असे मी ज्याला त्याला सांगत होते. तुम्ही कागदावर आतड्याचे चित्र काढलेत आणि समजावलेत की, स्टिरॉइड चालू असताना, वजन आणि रक्त दोन्ही घटलेले असताना लहान आतड्याचा पाऊच, म्हणजे मल साठवणारी आतली थैली, शिवला, तर टाक्यांतून गळती होण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी मोठे आतडे काढून पोटावर पिशवी लावायची आणि गुदाशय तसाच ठेवायचा, अंगात ताकद आली की तो काढून ‘जे’ अक्षराच्या आकाराचा पाऊच करायचा, तो भरून येईपर्यंत मल पाऊचच्या आधीच पिशवीत वळवायचा आणि शेवटी ती वाट बंद करायची. पुढे तुम्ही जे सांगितलेत, त्याने माझा निर्णय झाला. पाऊच करायचा की पिशवीच कायम ठेवायची, हे पहिल्या टप्प्यानंतर ठरवायला मला सवड मिळणार होती, आणि तोवर पिशवी म्हणजे काय ते मला ऐकून नव्हे, वापरून माहीत झालेले असणार होते. संमतिपत्रावर मी त्यानंतर सही केली.

शस्त्रक्रियेपूर्वी स्टोमाची, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाची, जागा ठरवताना तुम्ही मला उभे केलेत, बसवलेत, वाकायला लावलेत, परकराची नाडी नेमकी कुठे बांधते तेही पाहिलेत. मी देवगडची म्हटल्यावर, “विळीवर बसता ना? तशाच बसून दाखवा,” असे म्हणालात आणि वॉर्डातल्या त्या फरशीवर मी एक गुडघा वर घेऊन बसले. पोटाला घडी पडते ती जागा सोडून तुम्ही शाईने खूण केलीत. तिचे मोल घरी आल्यावर कळले, कारण फ्लँज, म्हणजे पिशवी कातडीला धरून ठेवणारी चिकट चकती, घडीत आला की उचकटतो आणि पाचकरस मिसळलेला पातळ मल लागून कातडी भाजल्यासारखी सोलवटते. मी नारळ खवला, मासे कापले, फ्लँज जागचा हलला नाही. मे महिन्यातल्या घामाने मात्र तो सुटू लागला. तेव्हा फोनवर तुम्ही कातडी पूर्ण कोरडी करून तळहाताने फ्लँज काही वेळ दाबून धरायला सांगितलेत. स्टोमाची सूज पहिले काही आठवडे उतरत राहते, म्हणून दर वेळी माप घेऊनच फ्लँजचे भोक कापायचे, हेही तुमचेच सांगणे.

सर्वांत मोठा उपकार शहाळ्याच्या बाबतीतला. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा हातात शहाळे घेऊनच येतो आणि ते नाकारणे म्हणजे माणसालाच नाकारणे. मोठे आतडे नसले की पाण्याबरोबर मीठही भराभर बाहेर जाते, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असले तरी सोडियम कमी, त्यामुळे नुसत्या शहाळ्यावर किंवा साध्या पाण्यावर भागणार नाही, हे तुम्ही बजावले नसते तर मी पाहुण्यांच्या प्रेमापायीच रुग्णालयात परतले असते. एका लिटरला ओआरएसचे एक पाकीट, ते घोटघोट, आणि मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज असा नेम धरला. पेज सासूबाईंच्या हातची, म्हणून त्यांचाही या पत्रात वाटा आहे. काजू आणि ओले खोबरे आतड्यात अडकण्याची भीती असल्यामुळे ते सुरुवातीला वर्ज्य होते; कोकणात राहून ते पाळणे शस्त्रक्रियेइतकेच अवघड गेले.

आता दिवसातून पाच-सहा वेळा जावे लागते, रात्री कधी उठावे लागते. पण जायला वेळ मिळतो, आणि रक्त पडत नाही.

माझ्याकडे न उघडलेल्या पिशव्या आणि ५७ मिलिमीटरचे फ्लँज उरले आहेत. मुदत पाहून ते कुरिअरने पाठवले आहेत. वॉर्डात ज्यांना विकत घेणे परवडत नाही, त्यांना द्यावेत.

आपली कृतज्ञ,
देवगडची एक रुग्ण