सूर्याला कामाला लावण्याचे बेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पारा चाळिशीपार गेला की एवढ्या उन्हाचे काहीतरी करावे, अशा अर्थाच्या कोट्यांना दरवर्षी ऊत येतो. या करमणुकीला माझी हरकत नाही. तक्रार एवढीच की, अभियंत्यांनी गंभीरपणे आखून नकाशांसह सादर केलेल्या योजनांपुढे आपले विनोद फारच मिळमिळीत ठरतात.

इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील कत्तारा खळगा सर्वांत खोल जागी समुद्रसपाटीच्या सुमारे १३३ मीटर खाली आहे. भूमध्य समुद्राचे पाणी कालव्याने आणून त्यात सोडायचे आणि पडत्या पाण्यावर जनित्रे फिरवायची, असा बेत गेल्या शतकात पुन्हा पुन्हा मांडला गेला. खळगा भरल्यावर काय, या प्रश्नाचे उत्तर असे की, ठरावीक पातळीनंतर तो भरणारच नाही, कारण जेवढे पाणी येईल तेवढे सूर्य वाफ करून उडवील. पाटबंधारे खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून मत्सरच वाटला. जायकवाडीसारख्या उथळ, पसरट जलाशयाच्या हिशेबात बाष्पीभवनाचा रकाना आम्ही कायम तोट्यात धरला. येथे तोच जमेच्या बाजूला!

घोडे पेंड खाते ते खोदाईपाशी. १९७० च्या दशकात जर्मन अभियंते फ्रीडरिश बासलर यांच्या आराखड्यात या कालव्यासाठी २१३ अणुस्फोट सुचवण्यात आले होते. दोनशे नव्हे, सव्वादोनशे नव्हे, नेमके २१३. म्हणजे कोणीतरी बसून रीतसर अंदाजपत्रक केले असणार. त्यातच तो मुलूख अल-अलामीनच्या लढाईचा असल्याने १९४२ पासूनचे भूसुरुंग तेथे पडून होते. तेव्हा अणुबॉम्ब पुरायला जाणाऱ्यांनी आधी सुरुंग वेचायचे, असा कामाचा क्रम झाला असता. शिवाय वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते आणि खारटपणा वाढेल तसे बाष्पीभवन मंदावते. कालांतराने सूर्यानेही काम रेंगाळत ठेवले असते, जे आम्हा खात्यातल्या लोकांना मुळीच नवे नाही.

छपराखाली हवा तापवून ती उंच धुराड्यातून वर सोडायची आणि त्या झोतावर पाती फिरवायची, ही कल्पना त्यामानाने शहाणी म्हणायची. स्पेनमधील मांझानारेस येथे १९८२ मध्ये १९५ मीटर उंचीचे असे धुराडे उभे राहिले, त्यातून सुमारे ५० किलोवॅट वीज निघत असे आणि १९८९ मध्ये ते वादळात कोसळले. अशा धुराड्यात उन्हाच्या एक टक्काही विजेत उतरत नाही आणि हे प्रमाण उंचीबरोबर वाढते. त्यामुळे ऑस्ट्रेलियात पुढे एक किलोमीटर उंचीच्या धुराड्याचा प्रस्ताव आला, जो कागदावरून कधी हलला नाही.

सूर्याच्या उष्णतेची सगळीच कामे अशी असतात, असे नव्हे. शिर्डीच्या प्रसादालयात छतावरील परावर्तक तबकड्यांनी केलेल्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक होऊ शकतो, आणि त्यासाठी कोणाला डोंगर उडवावा लागलेला नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, नव्या सौर योजनेची बातमी छापताना मेगावॅटच्या आकड्याशेजारी लागणारी जमीन, खोदाई आणि बांधकामाची उंची हे आकडेही ठळक द्यावेत. विनोदाचे वेगळे सदर चालवण्याचा खर्च तरी वाचेल.

आपला,
एक निवृत्त पाटबंधारे अभियंता, नाशिक