फ्रीजरची खोली

प्रिय दोस्ता,

चार महिने पत्र नाही, रागावला असशील. तब्येत ठीक. आज लिहायला बसलो कारण नव्या प्रयोगशाळेचे नकाशे आले. नमुने ठेवायचे, उणे ऐंशी अंशांचे बाराही फ्रीजर एका बिनखिडकीच्या खोलीत, दीड टनाच्या एकाच एसीवर! हे वाचून इथं कुणी दचकलं नाही; तू दचकशील.

हिशेब बघ. आपले जुने उभे फ्रीजर दिवसाला साधारण 20 युनिट खातात. बारा मिळून 240, म्हणजे अखंड 10 किलोवॉट, आणि ती सगळी वीज उष्णता होऊन त्याच खोलीत पडते. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट. नुसत्या फ्रीजरपायीच जवळजवळ तीन टन लागतात. दीड टनात खोली तापत जाईल, फ्रीजरचा कंडेन्सर उष्णता नीट बाहेर टाकू शकणार नाही, कॉम्प्रेसर थांबायचंच नाव घेणार नाही आणि खोली आणखी तापेल. मी तीन-तीन टनांचे दोन मागितलेत. एक बंद पडला तरी दुसऱ्यानं भागलं पाहिजे. शिवाय दोन्ही एसी जनरेटरवर हवेत. नकाशात फ्रीजर जनरेटरवर आहेत, एसी नाहीत. वीज गेली की फ्रीजरच त्या खोलीची भट्टी करतील. ‘थंड यंत्राला कसला एसी?’ असं तू म्हणालास आणि आपण दोन दिवस बोललो नव्हतो, आठवतं ना?

प्रत्येक फ्रीजरला स्वतंत्र सर्किटही हवं. वीज परत आली की बाराही कॉम्प्रेसर एकदम उठतात. सुरू होतानाचा करंट नेहमीच्या कित्येक पट असतो, मेन ब्रेकर पडतो. म्हणून प्रत्येकाचा स्टार्ट-डिले, म्हणजे वीज आल्यावर सुरू व्हायच्या आधीचा थांबा, मिनिटा-मिनिटाच्या फरकानं लावायचा. बापू म्हणाले, लेखी द्या. दिलं.

नमुन्यांसकट फ्रीजर ढकलत न्यायचा की नाही, या आपल्या जुन्या भांडणात मी अजून ‘नाही’वरच आहे. वाटेत लिफ्टच्या उंबऱ्यावर अडकला तर काय करशील? आधी नव्या जागी एक रिकामा फ्रीजर तीन दिवस चालवून तापमानाची नोंद बघायची. मग एका जुन्यातले रॅक थर्माकोलच्या पेट्यांत, ड्राय आइसमध्ये (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) घालून तिकडे हलवायचे. रिकामा झालेला फ्रीजर बर्फ वितळवून, पुसून, उभाच न्यायचा. आडवा झालाच तर 24 तास उभा ठेवल्याशिवाय सुरू करायचा नाही, कारण कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं. तो नव्या जागी थंड झाला की पुढच्याचे नमुने त्यात. एकाच नमुन्याच्या दोन्ही कुप्या एका फेरीत मुळीच नकोत.

ड्राय आइसच्या पेटीला चिकटपट्टी लावून हवाबंद करू देऊ नकोस. उणे 78.5 अंशांना त्याचा थेट वायू होतो, पेटी फुटते. त्या वायूनं कुणी गुदमरू नये म्हणून गाडीच्या काचा खाली ठेवायच्या, आणि लिफ्टमधून पेट्या एकट्या जाऊ देत, माणसं जिन्यानं.

फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा खेचून घेणारं कपाट) नकाशात पुन्हा दाराशीच काढलाय. तोंडाशी हवा जेमतेम सेकंदाला अर्धा मीटर. समोरून कुणी चाललं तरी त्याच्या दुप्पट वेगाचा झोत येतो आणि वाफा खोलीत ओढल्या जातात. तो कोपऱ्यात हलवायला सांगितलंय.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार. नकाशा सोबत जोडलाय. विजेचं पान आधी बघ आणि लाल पेनानं खुणा करून सोमवारच्या आत पाठव. मंगळवारी कंत्राटदार भिंती फोडायला येतोय.

तुझाच