'हो काय?' क्लासमध्ये का नाही शिकवत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमची सून हाँगकाँगची, मुलगा तिकडे नोकरीला होता तेव्हाचं जमलं, आता दीड वर्ष झालं दोघं कोथरूडला आमच्याकडेच असतात. तिनं मराठीचा क्लास लावला, फी चांगली दणदणीत, आणि मंडईत जाऊन मावशींना विचारते काय तर 'या जुडीचे मूल्य किती आहे?' मावशी आधी तिच्याकडे बघतात मग माझ्याकडे. 'मेथी कशी दिली' हे कुणी सांगितलंच नव्हतं, 'कशी'नं भाव विचारतात म्हटल्यावर ती हसतच सुटली.

मग मी तिच्याकडून तिची भाषा, कॅन्टोनीज, शिकायला लागले (शब्द उच्चारायचे सहा सूर आहेत म्हणे, सूर बदलला की अर्थ बदलतो, माझे जेमतेम दोन लागतात) तर तिथंही तीच रड. शाळेत लिहिताना 'काय'ला 'सम मो', घरात मात्र ते कुणी बोलत नाही, घरात 'मत ये' आणि घाईत दोन्ही चिकटून नुसतं 'मे'. आणि असंच 'मे' वाक्याच्या शेवटी लावलं की आश्चर्य, 'हइ मे?' म्हणजे अगदी आपलं 'हो काय?'! आपलं 'काय' तरी वेगळं काय करतं, 'काय खाल्लंस'मध्ये एक आणि 'झोपलास काय'मध्ये दुसरंच. 'का'ला त्यांच्यात 'तिम काय' म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोरगी मराठीच बोलतीये. त्याहून सैल बोलायचं तर 'चोउ मत', च तो चोरातला, शब्दशः 'करतोस काय' पण अर्थ 'कशाला', हे माझ्या मुलाला दिवसातनं दहादा ऐकायला मिळतं त्यामुळे माझं पाठ झालंय.

तर म्हणणं एवढंच, क्लासवाल्यांनी 'कितीला', 'कशाला', 'कुठं निघालात', 'होय का' हे पहिल्या आठवड्यात शिकवावं, 'आपण कोठे निघाला आहात' नंतर शिकवा ना, कोण नको म्हणतंय. तुम्हीही रविवारच्या पुरवणीत असं चार ओळींचं सदर सुरू करा, बाहेरून आलेले लोक कापून ठेवतील.

परवा मंडईबाहेर सुनेनं रिक्षावाल्याला विचारलं, 'कोथरूडला येणार का ओ?' तो नाही म्हणाला, तर ही लगेच, 'का बरं?' तो बघतच राहिला. आला नाही, ते सोडा.

– एक सासूबाई, कोथरूड, पुणे