पंप खोलण्याआधी टाकीचं झाकण बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी राहते नागपुरात, काटोल नाक्याजवळ. शेती कळमेश्वर तालुक्यात. संत्र्याची ३५० झाडं, बाकीच्यात कपाशी आणि तूर. मिस्टर गेल्यापासून ६ वर्षं सगळं मीच बघते. संत्र्याची झाडं ६ बाय ६ मीटरवर, मोठा ट्रॅक्टर घातला की फांद्या मोडतात, म्हणून १८ एचपीचा छोटा डिझेल ट्रॅक्टर घेतला. त्याच्याबद्दलच हे पत्र आहे, आणि ते केवळ माझ्यापुरतं नाही.

यंदा फेब्रुवारीत आंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेर येणाऱ्या मोहोराच्या) नवतीवर, म्हणजे कोवळ्या फुटीवर, सायला ही रस शोषणारी कीड दिसू लागली. ज्यांच्या बागा आहेत त्यांना ठाऊक आहे, सायला वाट बघत नाही. कोवळ्या शेंड्यांवर पिल्लं बसली की पानं वळतात, मोहोराला धक्का बसतो. ट्रॅक्टरला ब्लोअर (फवारणीचं पंख्याचं यंत्र) जोडून फवारणी सुरू केली आणि ट्रॅक्टर बंद पडू लागला. वीसेक मिनिटं नीट चालायचा, मग आवाज बसत जायचा आणि हळूहळू मरायचा. थोडा वेळ उभा ठेवला की पुन्हा सुरू, आणि पुन्हा वीस मिनिटांत बंद.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने दोनदा सेल्फ मारून बघितला आणि म्हणाला, "पंप गेला ताई, नागपूरले न्या लागन." इंजिनाला दाबाने डिझेल देणारा तो पंप उतरवला. पाइपांची तोंडं तशीच उघडी ठेवून तो गेला. त्यांना कपडासुद्धा बांधला नाही. पंप कॅलिब्रेशन (तपासून जुळवणी) होऊन तीन दिवसांनी आला, बिल ११,४०० रुपये. बसवला, डिझेलच्या पाइपांत शिरलेली हवा काढली, ट्रॅक्टर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत घातला आणि विसाव्या मिनिटाला बंद.

आमच्या शेजारी एक काका आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आयुष्य डिझेल इंजिनांत गेलं. त्यांनी एकच विचारलं, "बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून पाह्यलं का?" उघडलं, तर स्स् असा आवाज करत टाकीने हवा आत ओढली. झाकणाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. डिझेल जसं खर्च होतं तशी तेवढी हवा त्या छिद्रातून आत यावी लागते. फवाऱ्याची पावडर आणि आपली काळी माती मिळून ते छिद्र लिंपलं गेलं होतं, सिमेंटने बुजवावं तसं. आत हवा नाही, म्हणून डिझेल खाली उतरत नाही. ट्रॅक्टर उभा राहिला की हळूहळू थोडी हवा शिरायची आणि तो पुन्हा चालायचा. काकांनी बारीक तार घातली, झाकण डिझेलने धुतलं. त्या दिवशी सलग पाच तास फवारणी झाली.

गेलेल्या पैशांचं वाईट वाटलंच, पण नवतीचे ते पाच दिवस मला जास्त लागले.

त्यानंतर मी काकांना सोडलं नाही. सगळं माझ्या हाताने करून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ आहे: टाकीपासून सुरुवात करून नोझलकडे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे) जायचं, उलट नाही. झाकण सैल करून चालवून बघायचं. मग फिल्टरला येणारा पाइप काढून खाली स्वच्छ बाटली धरायची. धार जाड पडली तर मागचं ठीक. सुतासारखी पडली तर कॉक किंवा टाकीतली जाळी चोंदली. तीच बाटली रात्रभर ठेवायची. पाणी असेल तर सकाळी तळाशी वेगळं दिसतं. माझ्या बाटलीत बोटभर पाणी होतं. हिवाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्रीच्या गारठ्यात आतल्या हवेतलं बाष्प पत्र्यावर जमतं आणि खाली उतरतं, म्हणून टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरायची. मी वर्षानुवर्षं सकाळी भरत होते, तीही उन्हापावसात पडलेल्या कॅनमधून, जाळी न लावता.

हवा काढणं मला सगळ्यात अवघड वाटायचं. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि डिझेल पुढे ढकलायचा छोटा हातपंप मारत राहिले. आधी नुसता फेस आला, साबणाच्या पाण्यासारखा पांढरा. मग फेस आणि डिझेल एकत्र, मधेच एखादा मोठा बुडबुडा फुटायचा. काका म्हणाले, "थांबू नको, अजून मार." शेवटी बुडबुडा नसलेली, काचेसारखी धार आली. ती वाहत असतानाच स्क्रू कसला. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू, त्याच क्रमाने. तांब्याचे वॉशर चपटे झाले होते, ते नवे घातले. टाकी ते फीडपंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या भागात सांधा सैल असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, आतून मात्र हवा ओढली जाते. म्हणून गळती दिसत नाही एवढ्यावर विसंबू नये. सगळ्याच छोट्या ट्रॅक्टरांना हातपंप नसतो. टाकी वर असेल तर डिझेल आपोआप उतरतं, पण हवा काढण्याची रीत तीच.

एक गोष्ट प्रत्येक घरातल्या पोरांना सांगितली पाहिजे. इंजिन सुरू असताना नोझलचा पाइप गळतोय का हे बोट लावून बघू नका. त्या पाइपातलं डिझेल इतक्या दाबाने निघतं की कातडी भेदून आत जातं. जखम टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, पण आतलं मांस सडू शकतं आणि बोट, हात कापायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघावं. आणि असं काही झालंच तर हळद न लावता तसंच मेडिकलला (सरकारी रुग्णालयात) न्यावं, डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना सांगावं.

पंप खराब होतच नाही असं मी म्हणत नाही. पाणी आणि घाण पुढे गेली तर पंप आणि नोझल दोन्ही जातात, आणि ते काम टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर), जाणकाराच्या हातूनच व्हायला हवं. पण पंपाचं सील तोडण्याआधी झाकण, जाळी, फिल्टर, वॉशर बघायला अर्धा तास लागतो.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. विक्रेत्यांनी ट्रॅक्टर घरी पोचवताना फक्त पेढे आणि हार देऊ नये; अंगणातच शेतकऱ्याच्या, शेतकरीणीच्या हाताने एकदा हवा काढून घ्यावी. मला जे पुस्तक मिळालं ते इंग्रजी आणि हिंदीत होतं. मराठीत, चित्रांसह द्यावं. आणि कृषी विभागाने महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून ट्रॅक्टरला अनुदान देताना एक दिवसाचं प्रात्यक्षिक ठेवावं. आपल्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, महाराजबागेजवळ कृषी महाविद्यालय आहे. जागा आणि शिकवणारे दोन्ही नागपुरात आहेत. त्यात बायकांना मुद्दाम बोलवावं. मेकॅनिक आला तेव्हा मी समोर उभी असताना तो सगळं माझ्या नववीतल्या मुलाला समजावत होता.

आपल्या शेतीच्या पानावर हवा काढण्याची रीत चित्रांसह छापता आली तर मृगाच्या आधी छापावी. पेरणी सुरू झाली की वाचायला कोणाला वेळ नसतो.

आपली,
एक संत्रा उत्पादक, नागपूर