कोणती गोळी थांबवायची, कोणती नाही: सिस्टर, तुमचे आभार

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडलं नसतं. पुण्यात बाबांची एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाच्या बेताल ठोक्यांच्या आजाराची) ॲब्लेशन झाली, म्हणजे नळी घालून हृदयातल्या ठरावीक जागा भाजल्या, त्यानंतर डॉक्टरांचे आभार आम्ही समोर जाऊन मानले, पेढेही दिले. तुमचे मात्र राहून गेले. तुम्ही भेटलात त्यापेक्षा फोनवरच जास्त होतात, आणि तुमचं खरं काम बाबांना आत नेण्याआधीच संपलेलं होतं.

तारीख मिळाली तेव्हा सांगलीत आमच्या घरी सल्ल्यांचा पाऊस सुरू होता. मामांचं म्हणणं ठाम होतं: ऑपरेशन म्हटलं की रक्त पातळ करायची गोळी आधी बंद. आणि ठोके सांभाळणारी गोळी? ती तर हृदयाचीच, ती एक वेळही चुकवायची नाही. तुम्ही फोनवर नेमकं उलटं सांगितलंत. रक्त पातळ करणारी एपिक्सॅबॅन सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून चालू. ठोके सांभाळणारी फ्लेकेनाइड चार दिवस आधी बंद. ठोक्यांचा वेग कमी ठेवणारी मेटोप्रोलोल चालूच, ती अचानक सोडली तर ठोके उसळतात.

एवढंच सांगून फोन ठेवला असता तर आम्ही कदाचित मान डोलावली असती, पण मामांनी ऐकलं नसतं. "मांडीच्या शिरेतून नळी घालणार आणि रक्त पातळ ठेवणार?" असं ते मागून ओरडत होते, तुम्हालाही ऐकू गेलं असणार. तुम्ही म्हणालात, "काकांना स्पीकरवर घ्या." मग समजावलंत. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साकळून गुठळी धरू शकते. त्यात आत नळी फिरणार, ऊतक भाजलं जाणार, म्हणजे गुठळीची शक्यता आणखी वाढली. ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. मांडीतून रक्त आलं तर दाबून धरता येतं, मेंदूत गेलेली गुठळी दाबून धरता येत नाही. मामा गप्प झाले. आमच्या घरात असं क्वचित घडतं.

नंतर मी वाचलं. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरच्या दीड हजारांहून अधिक रुग्णांची एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. जवळपास सारखे दोन गट. गोळी थांबवून हेपरिनच्या इंजेक्शनवर ठेवलेल्यांत पक्षाघात किंवा तात्पुरत्या झटक्याच्या ३९ घटना, गोळी चालू ठेवलेल्यांत २. तुम्ही आकडे सांगितले नव्हते, पण तुमच्या आवाजातली खात्री कुठून आली ते तेव्हा कळलं.

फ्लेकेनाइड का थांबवायची, हे बाबांनीच विचारलं. "चोर पकडायचाय ना काका? मग त्याला झोपेची गोळी देऊन कसं चालेल?" बाबा कितीतरी वेळ हसत होते. बोर्दोच्या मिशेल आइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं होतं की, या बेताल ठोक्यांची ठिणगी बहुतेकदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. औषधाने ती जागा निपचित पडली असेल तर डॉक्टरांना ती दिसणार कशी? आणि चार दिवसच का, तर औषध शरीरातून जवळजवळ पूर्ण जायला त्याच्या अर्धायुष्याच्या (निम्मं औषध जायला लागणाऱ्या वेळेच्या) साधारण पाचपट वेळ लागतो. सगळेच डॉक्टर थांबवत नाहीत, काही चालूही ठेवतात, हेही तुम्ही लपवलं नाहीत. "आमच्या सरांची पद्धत ही आहे," म्हणालात. मला ते फार आवडलं.

मग तो प्रश्न, "काका, मागच्या तीन आठवड्यांत एपिक्सॅबॅनचा एकही डोस चुकला नाही ना?" बाबा चटकन "नाही" म्हणाले. हॉस्पिटलच्या माणसांशी बाबा नेहमी असंच बोलतात, शाळेत गृहपाठ विचारल्यासारखं. तुम्ही ओरडला नाहीत. "पाकिटात किती उरल्यात तेवढं मोजून सांगा," म्हणालात. एक जास्त निघाली. लग्नाला गेलो होतो तेव्हाची रात्रीची, असं मग हळूच बाहेर आलं. गुठळी आहे का ते बघायला अन्ननलिकेतून करायचा इको (हृदयाची सोनोग्राफी) तिथे ॲब्लेशनच्या आधी होतोच, पण ही राहिलेली गोळी तुम्ही ठळक लिहून डॉक्टरांच्या नजरेला आणलीत. गुठळी नव्हती.

तुम्ही व्हॉट्सॲपवर सगळ्या पाकिटांचे फोटो मागितलेत, "सगळ्या म्हणजे सगळ्या, शुगरच्या, गॅसच्या, वैद्यांच्यासुद्धा." हृदयाच्या फाइलमध्ये शुगरच्या गोळीचा उल्लेखच नव्हता. डॅपाग्लिफ्लोझिन बघितल्याबरोबर तुम्ही भूलतज्ज्ञांना विचारलंत आणि ती तीन दिवस आधी बंद झाली. उपाशी पोटी ती चालू राहिली तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, हे आम्हाला कुठून माहीत असणार! शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेला अर्जुनाच्या सालीचा काढाही त्या फोटोत होता. त्यालाही तुम्ही हसत हसत रजा दिलीत.

फ्लेकेनाइड सुटल्यावर धडधड परतेल, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, तरी रात्री बाबांची नाडी एकशे तीसच्या पुढे गेली तेव्हा माझे हात थरथरत होते. बाबा उशाखालची फ्लेकेनाइडची पट्टी शोधत होते. तुम्ही फोनवर एकामागून एक विचारलंत: छातीत दुखतंय? चक्कर? दम लागतोय? घाम? यातलं एक जरी असतं तर थेट इमर्जन्सीत या, असं बजावलंत. नव्हतं, तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांत परत फोन केलात: मेटोप्रोलोलची अर्धी गोळी जास्त, फ्लेकेनाइडला हात लावायचा नाही. पहाटेपर्यंत नाडी उतरली. त्या सकाळी तुमचा मेसेज आला, "काका झोपले का?" तुमची ड्युटी तेव्हा संपली होती, हे मला नंतर समजलं.

ॲब्लेशनच्या दिवशी सकाळी घोटभर पाण्यासोबत एपिक्सॅबॅन घेतली, वेळ कागदावर टिपली. आता फ्लेकेनाइड काही आठवड्यांसाठी परत सुरू आहे, कारण भाजलेल्या जागा बऱ्या होईपर्यंत ठोके अधूनमधून चुकतात. एपिक्सॅबॅन कधी थांबवायची, की थांबवायचीच नाही, ते डॉक्टर ठरवतील. बाबा आता पाकीट स्वतः मोजतात आणि आईला दाखवतात.

आमच्या गल्लीतल्या एका काकांची ॲब्लेशन पुढच्या महिन्यात आहे. कोणती गोळी कधी थांबवायची याचा तुमचा कागद त्यांना हवा होता. मी दिला नाही. ठोक्यांसाठी ते ॲमिओडॅरोन घेतात, ती अंगातून जायला आठवडे, महिनेसुद्धा लागतात, आणि रक्तासाठी त्यांना वॉरफरिन आहे; ॲमिओडॅरोनमुळे तिचा परिणाम वाढतो, म्हणून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) वारंवार बघावा लागतो. आमचा कागद त्यांच्या काय कामाचा? तुमच्या विभागाचा नंबर दिलाय. जरा मोठ्याने बोलतात, सांभाळून घ्या.

तुमची,
सांगलीच्या काकांची मुलगी