तालमीला मागे बसणाऱ्या लेकीस

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. ऑर्केस्ट्रात साहाय्यक संचालक म्हणून नेमणूक तर झाली, पण संचालनाची काडी, बॅटन, काही हातात येत नाही. रोज तालमीला मागे बसायचं, स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची स्वरलिपी, उघडून ऐकायचं, आणि वर सरांचा फटकळ स्वभाव. घुसमट कळते गं. पण तू ज्या हॅम्बुर्गमध्ये राहतेस, तिथल्याच ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत हान्स फॉन ब्यूलो या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन संचालकाच्या अस्थी आहेत. त्याच्याविषयी तुला लिहावं, असं किती दिवस मनात होतं.

ब्यूलो कायदा शिकत होता. 1850 मध्ये वायमारला संगीतकार लिस्टच्या संचालनाखाली वाग्नर या संगीतकाराचा ‘लोहेनग्रिन’ ऑपेरा झाला आणि त्यानंतर त्याचं कायद्यात मन रमलं नाही. पुढे लिस्टचा शिष्य झाला, जावईही झाला. वाग्नरचंच ‘त्रिस्तान आणि इझोल्डे’ बसवताना व्हिएन्नाने सत्तरवर तालमी करून हात टेकले होते. ते ब्यूलोनं 1865 मध्ये म्युनिचला उभं केलं. प्रयोगाच्या दोनच महिने आधी त्याच्या बायकोला, कोसिमाला, मुलगी झाली होती आणि ती वाग्नरची होती. तरीही 1868 मध्ये वाग्नरच्या ‘मायस्टरझिंगर’चा पहिला प्रयोगसुद्धा ब्यूलोनंच केला. पुढे 1870 मध्ये घटस्फोट झाला. हे त्याला कसं जमलं असेल, हे मला आजवर उमगलेलं नाही.

पण त्याची खरी कला बघायची ती मायनिंगेनमध्ये. 1880 मध्ये त्या छोट्या संस्थानाचा ऑर्केस्ट्रा त्याच्याकडे आला. वादक जेमतेम पन्नासेक. तो आधी सगळ्यांना वेगवेगळं बसवायचा. पहिली व्हायोलिन्स वेगळी, दुसरी वेगळी, फुंकवाद्यं वेगळी. प्रत्येक गट स्वतःच्या ओळी घोटून पक्क्या करायचा, मगच सगळे एकत्र. अखेर वादक कागदाशिवाय वाजवू लागले, तेही बरेचसे उभ्यानं. तो स्वतः तर मुखोद्गतच संचालन करायचा. स्कोअर डोक्यात हवा, डोकं स्कोअरमध्ये नको, हे वाक्य त्याच्याच नावावर सांगतात. प्रेक्षकांना दिसतात ते फक्त हात. त्या हातांमागे दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांबरोबर घालवलेल्या सकाळी असतात, आणि माझ्या मते संचालकाची किंमत तिथेच ठरते.

आता तुझ्यासाठी मुद्दाम एक प्रसंग. म्युनिचच्या ऑर्केस्ट्रात फ्रान्झ स्ट्राउस नावाचा मोठा हॉर्नवादक होता. त्याला वाग्नरचं संगीत अजिबात आवडत नसे, त्यामुळे ‘त्रिस्तान’च्या दिवसांत त्यानं ब्यूलोला नको नको करून सोडलं होतं. पुढे 18 नोव्हेंबर 1884 रोजी मायनिंगेनचा ऑर्केस्ट्रा दौऱ्यावर म्युनिचला आला. फ्रान्झचा वीस वर्षांचा मुलगा रिचर्ड याची तेरा फुंकवाद्यांसाठीची रचना कार्यक्रमात होती आणि तिचं संचालन त्यानंच करायचं होतं. दौऱ्यावर तालीम मिळत नाही, असं ब्यूलोनं बजावलं. पोरानं तालमीविना, आयुष्यात पहिल्यांदा बॅटन धरून ती पार पाडली. नंतर फ्रान्झ आभार मानायला आत गेला, तर ब्यूलो त्याच्यावरच उखडला. तुम्ही मला म्युनिचमध्ये कसं छळलंत ते मी विसरलेलो नाही. मुलाच्या अंगात गुण आहेत म्हणून त्याला संधी दिली, तुमच्यासाठी नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय.

बाप म्हणून मला फ्रान्झचं वाईट वाटतं. पण राग बापावरचा, तो पोरावर निघाला नाही, हे मला फार मोठं वाटतं. तुझे सर फटकळ असतील, पण ते कामाबद्दल बोलतात की माणसाबद्दल, एवढं मात्र नीट पारखून बघ. कामाबद्दल बोलत असतील तर सोस. माणसाबद्दल असेल तर मला लगेच कळव.

1885 च्या ऑक्टोबरमध्ये रिचर्ड मायनिंगेनला साहाय्यक झाला आणि रोज स्कोअर घेऊन तालमीला बसू लागला. त्याच महिन्यात संगीतकार ब्राम्सची चौथी सिंफनी तिथे प्रथम वाजली. संचालन खुद्द ब्राम्सचं, पण ऑर्केस्ट्रा तयार केलेला ब्यूलोनं, आणि पोरगा हे सगळं जवळून बघत होता. मग ब्राम्सवर रुसून ब्यूलोनं राजीनामा दिला आणि तो गेल्यावर ऑर्केस्ट्रा एकविशीतल्या रिचर्डच्या हाती आला.

सध्या तुमच्याकडे काय बसवताय ते लिही. सर दुसऱ्या व्हायोलिन्सना काय काय सांगतात तेही सविस्तर लिही, मला हवंय.

तुझा,
बाबा