मांडणीतली तीन रिकामी घरं

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मसाल्याच्या बरण्यांची लाकडी मांडणी सुखरूप पोचली आणि एकही बरणी फुटली नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला. तू फोटोबरोबर विचारलंस, "आई, बारा घरांत नऊच बरण्या आहेत, त्यापेक्षा बाराच्या बारा नव्या घेऊ का?" घेऊ नकोस. त्या नऊ मांडणीबरोबर आलेल्या आहेत, आजीनं रोज हाताळलेल्या. शोधायच्या फक्त तीन. अशा बरण्या मिळतात रे, मला एक मिळालीही होती आणि मीच ती परत ठेवून आले. ती हकीकत आधी सांगते, कारण तिथं तूही फसशील.

जुन्या सामानाच्या एका ढिगात ती दिसली होती. तीच उंची, तेच चौकोनी अंग, तेच गोल खांदे. मी उलटी करून बूड पाहिलं, तर काचेत ५ हा आकडा उमटलेला. घरच्या ज्या बरणीचं बूड मला पाठ होतं तिच्यावर ११ होता. मला वाटलं, ही दुसऱ्याच संचातली. ठेवून दिली. पुढं कितीतरी दिवसांनी मांडणी धुवायला काढली तेव्हा नऊही बरण्या ओळीनं उलट्या घातल्या आणि पाहते तर २, ११, ७, ७, ४... सगळ्यांवर एकच आकडा नव्हताच. तो आकडा संचाचा नव्हताच, साच्याचा होता. कारखान्यात एकाच वेळी बरेच साचे चालतात. बरणीत खोट निघाली तर कुठला साचा दुरुस्त करायचा हे कळावं म्हणून प्रत्येक साच्याला आकडा देतात. एका संचात सगळे आकडे मिसळलेले असणं हेच स्वाभाविक. ५ बघून मी आनंदानं घ्यायला हवी होती. त्या दुपारची हळहळ अजून जात नाही.

तेव्हा बूड वाचायला शीक. ज्या बरण्यांवर कारखान्याची खूण असते त्यांचं काम सोपं. अमेरिकेतल्या ओवेन्स-इलिनॉय या कंपनीची खूण बघ: १९२९ पासून १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत लंबगोल आणि पत्त्यातल्या चौकटसारखा आकार एकमेकांवर आणि मध्ये 'आय' हे अक्षर, पुढं नुसता लंबगोल आणि 'आय'. डावीकडचा आकडा कारखान्याचा, उजवीकडचा वर्षाचा, खालचा साच्याचा. एकाच बुडावर तीन आकडे आणि तिघांचा अर्थ वेगळा. आपल्या बरण्यांवर कारखान्याची खूण नाही, साच्याचा आकडा तेवढा आहे. म्हणून आपल्याला अंगलटीवरूनच ओळखायला हवं.

अंगलटीत पहिली शिवण. साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथं काचेवर बारीक उभी रेघ राहते. नखानं चाचपलीस तर लागेल. आपल्या बरण्यांची शिवण थेट तोंडाच्या काठावरून पलीकडं जाते. म्हणजे तोंडासकट सगळी बरणी यंत्रानं केलेली. मायकेल ओवेन्स यांचं बाटल्यांचं स्वयंचलित यंत्र १९०३ सालचं, त्याआधी तोंड बहुधा हातानं घडवायचे आणि शिवण गळ्याशीच थांबायची. कुणी गळ्याशी शिवण संपणारी बरणी दाखवून "ही तर अजून जुनी, जास्त मोलाची" म्हणालं, तर असेल मोलाची, आपली नव्हे.

दुसरा रंग. बरणी पांढऱ्या कागदावर ठेव आणि दिवसाच्या उजेडात बुडाच्या जाड कडेतून बघ. आपली हिरवट दिसते. वाळूत लोखंडाचा अंश असला की काचेला ती झाक येते. ती झाकायला पूर्वी मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळट होते. जांभळी बरणी सुंदर दिसते, मला मोह पडला होता. पण हिरवट नऊंच्या शेजारी ती परकी वाटेल.

आता जे लिहिणार आहे ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. खालच्या ओळीतल्या डावीकडून तिसऱ्या घराची कड तुला जरा वेगळी वाटली असेल. ते घर मी मोठं केलं होतं. ती ५ आकड्याची बरणी हातची गेल्यावर मी घाई केली, दिसायला जवळची अशी एक आणली. घरात ती जाईना, अगदी केसभर अडत होती. मी कानस घेतली आणि घराची कड घासली. बरणी बसली, मला फार बरं वाटलं. दिवस कोरडे होते. हवा दमट झाली आणि तीच बरणी त्या घरात खुळखुळायला लागली. शेवटी तिथून खाली पडूनच फुटली.

का झालं ते नंतर उमगलं. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, पण सगळीकडं सारखं नाही. लाकडातल्या रेषांच्या दिशेनं ते जवळजवळ बदलतच नाही, रेषांना आडवं मात्र बदलतं. त्यामुळं फळीत पाडलेलं गोल भोक काही वर्षांनी गोल राहत नाही, रेषांना आडवं थोडं चिंचोळं होतं. मी त्या आडव्या बाजूचं माप घेऊन बरणी मोठी ठरवली आणि लाकडाला कानस लावली. दोन-चार महिने थांबले असते तर कदाचित कानस लागलीच नसती. बाळा, बरणी बदलता येते, घासलेलं लाकूड परत येत नाही. मांडणीला पॉलिश पेपरसुद्धा लावू नकोस.

मापं अशी घे. प्रत्येक घर दोन दिशांनी मोज, रेषांच्या बाजूनं आणि आडवं, आणि लहान आकडा धर. मग नऊही बरण्या मोज. एक मोजून भागत नाही, कारण जुन्या काचेत बरणीबरणीत एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच. व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तम. बरणी चौकोनी आणि घर गोल, म्हणून घरातून जातं ते बरणीचं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप. बाजूचं माप घेऊन फसशील. फोटोतल्या बरण्यांबद्दल विकणाऱ्याला हेच माप विचार, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो मागव. "साधारण अशीच आहे" यावर पैसे देऊ नकोस.

ओल्या किंवा तेल पुसलेल्या काचेचा फोटो आला तर कोरड्या बरणीचा मागव. धुरकट काच ओली असताना स्वच्छ दिसते. धुरकटपणा दोन तऱ्हेचा असतो: क्षारांचा थर व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर निघतो, पण भांडी धुण्याच्या यंत्रात वारंवार धुऊन काचेचा पृष्ठभागच झिजला असेल तर तो कशानंही जात नाही. काठावरून बोट फिरवून टवका आहे का तेही बघ. आणि आणलेली बरणी उकळत्या पाण्यात बुडवू नकोस, साधी काच अचानक उष्णतेनं तडकते. कोमट पाणी, मऊ ब्रश, एवढंच.

झाकणांचं म्हणशील तर अनेकदा बरणी मिळते आणि झाकण नसतं, म्हणून सुटी झाकणंही शोधत राहा. नुसतं व्यासावर जाऊ नकोस. हल्लीच्या मापात ३८-४०० असं लिहितात, त्यातला ३८ म्हणजे आट्यांच्या बाहेरून साधारण तेवढे मिलिमीटर आणि ४०० म्हणजे आट्याचा एक फेरा. ४१० म्हणजे दीड, ४१५ म्हणजे दोन. व्यास तोच असून फेरे वेगळे असले तर झाकण अर्ध्यात अडकतं, आणि जोर केला तर पत्रा वाकतो. जुन्या बरण्या या मापात चपखल बसतीलच असं नाही, म्हणून एक बरणी बरोबर नेऊन लावून बघणं सगळ्यांत भलं. झाकणाच्या आतली पुठ्ठ्याची चकती मात्र बदलून टाक. तिच्यात जुना वास मुरलेला असतो, लवंगेचा तर वर्षानुवर्षं राहतो.

बाहेरून रंगीत अक्षरं किंवा फुलं काढलेली बरणी मिळाली तर तिचा रंग उडतोय का ते बघ. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तसली आपल्याला नकोच, आपल्या साध्या आहेत.

शोधताना "मसाल्याची बरणी" एवढंच विचारू नकोस. ज्याच्याकडं ती पडून असते त्याला ती कसली हे माहीत नसतं, तो तिला औषधाची बाटली म्हणतो, नाहीतर रंगाची. संच मोडलेली माणसंही शोध. कुणाची मांडणी मोडून नुसत्या बरण्या उरलेल्या असतात आणि त्या टाकवत नाहीत म्हणून ठेवलेल्या असतात. ५ आकड्याची ती बरणीही अशाच कुणाची असणार. एखादी जास्त मिळाली तर घेऊन ठेव, पुढं एखादी फुटणारच.

पाकिटात एक जाड पुठ्ठा घातला आहे. त्यात आपल्या सर्वांत लहान घराएवढं गोल भोक कापलं आहे, आणि कडेला बरणीची बाह्यरेषा काढली आहे, खांद्याच्या गोलाईसकट. तो खिशात ठेव. भोकातून गेली आणि खांदा रेषेला लागला तर बूड बघ. आकडा कुठलाही असो.

कळव, मिळाली की लगेच कळव.

तुझी
आई

ता. क. – तिसऱ्या घराच्या कडेला आतून बुचाच्या लाकडाची पातळ पट्टी चिकटवली आहे, ती मळ समजून खरवडू नकोस. तिच्यामुळं ते घर पुन्हा मूळ मापाचं झालं आहे. पहिली बरणी मिळेल ती तिथं ठेव.